हँडल सरळ जात नाही

१६ नोव्हेंबर
रणजीतनं माझ्या मोटरसायकलची वाट लावली! काल बाबांना मागं बसवून बस्सी गावात लग्नाला गेला होता. आज कॉलेजात शिकवायला निघाले तर ब्रेक दाबला की हँडलपाशी खडखड. सरळ धरलं की मधेच खाचेत बसल्यासारखं अडतं.
"काय आपटलंस?"
"मतलब… खड्डा होता, ताई."
मान खाली. सव्वीस वर्षांचा घोडा झालाय माझा भाऊ!

१७ नोव्हेंबर
बाबांनी मला न विचारता हँडलच्या मानेवरचा नट आवळला. पाना लावून वर हातोडी! आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं, म्हणून जगातली सगळी यंत्रं यांचीच.
"पाह्य, आता आवाज येते का?"
नाही येत आवाज. पण हँडलही नीट वळत नाही! वळवलं की वळलेलंच राहतं. बोलले तर मी भांडकुदळ.

१८ नोव्हेंबर
मरता मरता वाचले.
सांगानेरच्या अलीकडे बस अंगावर आली. बाजूला घ्यायला गेले — हँडल हलेना. जोर लावला तर एकदम झटक्यानं वळलं. बसचा पत्रा कोपराला घासून गेला.
घरी येऊन रणजीतला नको नको ते बोलले. बाबा मधे पडले, "कायले त्याच्या मागं लागली वं हिमानी? नट म्या आवळला. मले बोल."
बोलले! त्यांनाही बोलले. कुणी जेवलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार
चाक काढून मान उघडली. आत पोलादी रिंगा, त्यांत गोळ्या — त्यांवर हँडल फिरतं. खालच्या रिंगेत गोळ्यांनी खळगे पाडलेत, नखाला लागतात. खड्डा म्हणे!
नव्या रिंगा, नव्या गोळ्या, ग्रीस. नट हलक्या हातानं लावला. चाक अधांतरी ठेवलं की हँडल आपसूक दोन्हीकडे पडायला हवं. डावीकडे पडलं. उजवीकडे जाताना मधेच अडलं. केबलमुळे असेल म्हणून केबल सोडवल्या. अडलंच. नट सैल केला — खडखड. आवळला — जाम.
रणजीत दारात. "मी धरू का, ताई?"
"तोंड काळं कर."
शेवटी मानेतून जाणारा दांडाच बाहेर काढला आणि टेबलाच्या काचेवर लोळवला. हेलकावत गेला. वाकलाय! रिंगा कितीही बदला, वाकड्या दांड्यावर अडणारच.

२३ नोव्हेंबर
झोटवाड्यातला मिस्त्री हसला. "दांडा ठीक होगा मॅडम, चलानेवाला टेढ़ा है." त्याच्याच काउंटरवर दांडा लोळवून दाखवला. हसणं थांबलं.
"गड्ढे से ये नहीं मुड़ता. डिवाइडर पे गाड़ी चढ़ाई होगी."
नवा दांडा बसवला. आता हँडल दोन्हीकडे अलगद पडतं.
आनंद वगैरे काही नाही. नुसता संताप! जेवताना रणजीतला तोंडावर खोटारडा म्हटलं. "बाबांना मागं बसवून डिवाइडरवर घातलीस? मारायचं होतं त्यांना?"
तो भात चिवडत राहिला. बाबा ताटावरून उठले. बघ, बापालाही जेवू देत नाहीस, म्हटलं. या माणसाशी पुन्हा बोलणार नाही.

२५ नोव्हेंबर
रणजीत कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. डोळे लाल.
"येताना गाडी बाबांनी घेतली होती, ताई. हट्टच केला. डिवाइडर त्यांना दिसलाच नाही. पडलो तेव्हा माझा हात धरून म्हणाले — हिमानीले सांगू नको, एका डोयानं मले काहीच दिसत नाही. दुसराही चालला."