अंबाडी नव्हे, भांग

ता. १० एप्रिल, मंगळ.
नेरहून अर्ज टाइप करून आणला. इंग्रजीत, कारण टाइपवाला म्हणाला साहेब लोकांना तेच पटते. बाबांनी दिलेलं वावर, सातबारा माझ्या नावावर, म्हणून अर्जदार मी. पीक हेम्प, दोन एकर. म्हणजे भांगच, पण नशा नसलेल्या जातीची, सुताकरता. यांनी मेळाव्यात ऐकलं, तिकडं पहाडात सरकार लायसन्स देते. अळीनं कपाशीची बोंडं आतून पोखरली तेव्हापासून यांना कपाशीचं नाव नको. सही केली खरी. रोज वंदनेत पाचवं शील म्हणते, मादक पदार्थापासून दूर राहीन. आणि...

ता. १४, शनि.
जयंती. विहारात जाऊबाई सगळ्यांसमोर, "काय वो बाई, गांजावाली शेठाणी होऊन राह्यली म्हन!" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करू. नंतर भंतेजींना बाजूला विचारलं. म्हणाले, "सुताला नशा नाही. पण तुमच्या वावरात सूतच पिकलं, याची खात्री कोण देईल?" म्हटलं, लायसन्स. "मग त्याशिवाय बी मातीत पडू देऊ नका."

ता. २३, सोम.
यवतमाळ. कृषीवाले म्हणाले एक्साइजला जा. एक्साइजवाले म्हणाले पोलिसांचा दाखला. कलेक्टर ऑ. मधले बाबू म्हणाले ठेवून जा. ठेवला. येताना नेरचं ठाणं. हवालदारानं कागद दोनदा वाचला. "बाई, लोक तुरीत लपवून लावतात, तुम्ही अर्ज देऊन लावता? माह्या नोकरीत पह्यल्यांदा!" चहा मात्र पाजला.

ता. ८ मे, मंगळ.
हवालदार चौकशीला. वावर पाहिलं, विहीर पाहिली, फोटो काढला. जीप दारात, अर्धं गाव ओट्यांवर. यांना आनंद, "काम पुढं सरकून राह्यलं." मी दार लोटून घेतलं.

ता. २२, मंगळ.
कलेक्टर ऑ. चं पत्र आलं. शिक्का, सही. 'आपण मागणी केलेल्या अंबाडी पिकाच्या लागवडीस परवान्याची आवश्यकता नाही.'
अंबाडी! जिची भाजी खातो ती. शाळेतली डिक्शनरी काढली. अंबाडीलाही तिथं हेम्पच.
हे नाचायचेच बाकी. "सरकारनं लेहून देल्लं, आता काय! बियाण्यावाल्याले फोन लावतो."
"थे अंबाडीचं पत्र आहे."
"शब्द त्याईचा चुकला, आपला नाही."
"धाड पडली तर सातबाऱ्यावर नाव माझं."
"हव! वावर तुह्या बापाचं. मी सालदार गडीच."


ता. २५, शुक्र.
 तीन दिवस हे डबा न बोलता उचलून नेतात. मी पाचव्या शीलाची धास्ती घेऊन बसले होते, अडकले चौथ्यात, खोटं न बोलण्याच्या. खोटं आपण लिहिलं नाही हे खरं. पण दुसऱ्याच्या चुकीआड लपून पेरायचं म्हणजे...
बी ७ जूनला येणार. यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं.

ता. २९, मंगळ.
बहिणीकडे जाते सांगून यवतमाळ. (हेही चौथंच.) नवा अर्ज मराठीत, माझ्या हातानं. 'अंबाडी नव्हे, भांग. सुताकरता.' बाबूंनी कपाळाला हात लावला. "मावशी, सुटल्या होत्या ना तुम्ही! परत काहून फसता?" त्यांनी जुनं पत्र परत मागितलं. दिलं. बदल्यात आवक नंबराची चिठ्ठी. उत्तर कधी? "वरून येईल." वरून म्हणजे मुंबईहून.

ता. ६ जून, बुध.
हे पेटी उपसत होते. "कुठी ठेवलं वो थे पत्र?" सांगितलं. सगळं, यवतमाळचंही. आता घर डोक्यावर घेतील वाटलं. खाटेवर बसले. मग फोन लावला, "भाऊ, उद्या बी आनू नोका. थांबा." फोन ठेवून मला, "किती दिवस?"
माहीत नाही म्हटलं.
"पेरनी तुह्या मुंबईसाठी थांबत नसते."

ता. १९, मंगळ.
पाऊस झाला. खालच्या तीन एकरांत तूर, सोयाबीन पेरून झालं. वरचे दोन वखरून ठेवलेत, ओले, रिकामे. जाऊबाई धुऱ्यावरून, "हे कायले मोकळं ठेवलं वो?" माझ्याआधी हेच बोलले, "वहिनी, अर्ज पडून हाय तिकडं."
मुंबईहून उत्तर नाही. हिरवं तण वर यायला लागलं. संध्याकाळी यांनी विचारलं, "पुन्हा वखर मारू काय?"
मारा म्हटलं.