पाटी आधी लागली

२ जून, शिरूर
सकाळी दारात ठोकाठोक. हे खाली स्टूल धरून उभे, वर आबा. "माझ्या सुनंची पाटी हाय, वाकडी नगं." पितळी, उठावाची अक्षरं: डॉ. सौ. सुरेखा.
"आबा, प्रबंध अजून दिलासुद्धा नाही."
"देशीलच की. माझ्या बानं मेंढरं राखली, त्येच्या घराव ही पाटी. दिसतंय तवर बघून घेतो."
काचबिंदू वाढलाय. अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. काढा म्हणवेना.

५ जून
शेवटचं वाचन. चौथं प्रकरण. ‘या संचातली सर्वांत लहान संख्या घेऊ’ असं लिहून खुशाल पुढे गेलेय. ती असतेच हे कुठे दाखवलंय? एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश... यांत सर्वांत लहान कुठली? एफ.वाय.च्या मुलांना दरवर्षी हेच विचारते मी!
सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं.

६ जून
दौंड, गाइड सरांच्या घरी. सरांनी दोनदा वाचलं. "निष्कर्ष बहुधा खराच आहे, मॅडम. महिनाअखेर मुदत संपते. देऊन टाका. व्हायव्हात विचारलं तर बघू."
"आणि नाही विचारलं तर?"
सर चहा ढवळत राहिले. "तर तुम्ही डॉक्टर."
येताना एसटीत न्हावऱ्यापर्यंत उभीच. प्रबंध द्यायला मन घेत नाही; हा प्रामाणिकपणा, की डॉक्टर व्हायची भीती? खरंच कळत नाही.

८ जून
हे शिक्रापूरहून ड्यूटी करून आले. सांगितलं. "सर म्हणतायत ना दे, मग दे की." जेवले. हात धुताना म्हणाले, "आबांना मी नाही सांगणार हां."

९ जून
आबांना सांगितलं.
"चूक घावली कुनाला?"
"मलाच."
"आन् कुनाला ठावं न्हाई?"
"सर, हे. आता तुम्ही."
मग, "केलं काय म्हंजी तू?"
"एक गोष्ट आहे की नाही ते बघितलंच नाही, आबा. आहे असं धरून चालले."
"व्हय? मंग म्या बी त्येच केलं की!" हसले. स्क्रूड्रायव्हर मागितला, पाटी स्वतःच उतरवली. मला हसता येईना.

२७ जून
मुदतवाढीचा अर्ज. सही करताना सर: "नाही मिळाली तर नोंदणी रद्द. ठाऊक आहे ना?"
ठाऊक आहे.

१९ जुलै
विद्यापीठाचं उत्तर नाही. दुसऱ्या वाटेनं निम्मी सिद्धता बसतेय, पुढे अडलंय. बसेल असं वाटतं. वाटण्याला अर्थ नाही.
पाटी आबांच्या फेट्यात गुंडाळून फळीवर. स्क्रू मात्र भिंतीतच.
"आबा, ते काढून टाकू का?"
"नगं. तवर टोपी टांगतो."
मळ्यातून आले, भिंतीकडे न बघताच हात वर केला. टोपी बरोबर अडकली.