कोरडी उशी, ७०० ग्रॅम

२ जाने.
बाबा सोमवारी घरी येणार. नवी किडनी बसवून सतरा दिवस. डॉक्टर: प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवली आहे. घरात ओल, बुरशी नको. उशा नव्या घ्या किंवा धुवा.
बाबांना नवी उशी चालत नाही. त्यांची आणि माझी, दोन्ही धुतल्या. फायबरच्या, सरोजिनी नगरमधून जोडीने घेतलेल्या. धुण्याआधी माझी तोलली: ७०० ग्रॅम. त्यांचीही तेवढीच असणार, म्हणून तोलली नाही.

३ जाने.
दिल्लीची थंडी, द्वारकेत तीन दिवस ऊन नाही. उशा आत, पंख्याखाली. हाताला गारवा आणि ओल यांतला फरक कळत नाही. वजन खरं. बाबांची ८१०, माझी ९०५.
आई: "उशी आहे ती, भाजी नाही."

४ जाने.
बाबांची ७००. झाली. अभ्रा घातला. माझी अजून ७९०. पंखा त्यांच्या उशीकडे होता, त्यामुळे असेल.

५ जाने.
बाबा आले. मास्कमागून: "उशीलाही डिस्चार्ज मिळाला वाटतं!" लगेच झोपले.

८ जाने.
अभ्रा बदलताना वास आला. शिवण उसवली. आत ओल, राखाडी ठिपके.
आई: "अगं, त्यातलं फायबर मी कधीच काढलं होतं. त्यांना पातळ लागते ना. तुझ्या तक्क्यात भरलं. बिल्कुल विसरले."
म्हणजे ती कोरडी ७०० नव्हतीच. मी पाणी तोललं.
बाबा कुशीवर झोपतात. तीन रात्री नाक त्याच उशीत.
डॉक्टरांना फोन. १०० च्या वर ताप गेला तर लगेच आणा.

९ जाने.
स. ९८.८. दु. ९९.१. सं. ९९.६. थर्मामीटर बदलला. ९९.६.
बाबा: "यार, मला तुझ्या चेहऱ्याचीच भीती वाटते."

१० जाने.
स. १००.४. ॲडमिट. स्कॅन झाला, रक्त घेतलं. रिपोर्ट उद्या. डॉक्टरांना उशीचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.
ती उशी फेकण्याआधी पूर्ण सुकवून तोलली होती. ६१०. नव्वद ग्रॅम पाणी. अर्धी वाटी.
आई, कॉरिडॉरमध्ये: "मी ते फायबर काढलं, त्यामुळे तर नाही ना गं?"
"नाही. तोलायला मी चुकले."
तिने माझा हात सोडला नाही.
बाबांना अजून सांगितलेलं नाही. मघाशी म्हणाले, "इथली उशी फार उंच आहे. माझी आणशील?"
वाळतेय अजून, म्हटलं.