राजा हवेतून येतो

१० जानेवारी

नवा टीव्ही भिंतीवर चढला. रॉजरने चढवला. माझा दीर. माझा नवरा लायल गेल्यापासून दर रविवारी येतो, काहीतरी ठोकतो आणि जातो. टीव्ही डेनिसने मिनियापोलिसहून पाठवलाय. "आई, एवढ्या मोठ्या पडद्यावर तरी तुझं लक्ष लागेल." लेकीचं चुकत नाही. पण लक्ष लागायला आधी जागेवर असावं लागतं.

लायल असता तर म्हणाला असता, याच्या मापाचा गालिचा कापू का?

पाय आजही मेलेलेच. दफनाच्या दिवशी बर्फात उभी होते, तेव्हापासून बोटं माझी नाहीत. डॉक्टर म्हणतात रक्त नीट फिरतंय, सगळं ठीक आहे. ठीक तर ठीक.

१२ जानेवारी

केबलवर नऊ नंबरचा चॅनेल नाही! नुसता निळा पडदा, त्यावर पाटी — बोलणी चालू आहेत. केबलवाले आणि नऊवाले यांचं फाटलंय म्हणे. फोन केला. पोरगी फार गोड बोलली. "मॅडम, बाकीचे सगळे चॅनेल आहेत की! आणि एचडीचा डबा घेतलात तर —"

बाकीचे घेऊन काय करू? मला नऊ हवाय. का, ते तिला सांगितलं नाही. इथे सांगायला काय हरकत आहे.

नऊवर दुपारच्या बातम्यांत, हवामानाच्या आधी, लायल येतो. त्याच्या गालिच्यांच्या दुकानाची जाहिरात. गालिच्याच्या गुंडाळीवर बसलेला, डोक्यावर प्लॅस्टिकचा सोनेरी मुकुट, पायात काही नाही. पायाचे अंगठे हलवतो आणि म्हणतो — "पाय पडले गार? राजा आहे तयार!" आमच्या अख्ख्या सुपिरिअर गावाला पाठ आहे. शुक्रवारी तळलेले मासे खायला गेलो की कुणीतरी बारमधून ओरडायचंच, पाय पडले गार! की हा उठून मुजरे घेत फिरायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नोव्हेंबरात दुकानासमोरचा बर्फ ओढताना गेला. जाहिरातीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती आपली लागत राहिली. पाहुणे पांगले, मी सूप घेऊन बसले, आणि हा हजर! अंगठे हलवत.

तेव्हापासून रोज बघते. रडू येत नाही. काहीच येत नाही. पण बघते.

१७ जानेवारी

रॉजर म्हणतो डिश घे. त्याच्या छपरावर आहे ना, मग जगाच्या छपरावर हवी.

"चित्र बघशील तर वेडी होशील. बर्फातल्या मासेमारीचा अख्खा चॅनेल आहे!"

"नऊ आहे?"

"मिनियापोलिसचा आहे. कार्यक्रम तेच."

"आणि बातम्या?"

"तिकडच्या."

"मग नको."

"अगं पण का?"

"हवामान बघायचं असतं मला."

"हवामान! राणीसरकार, खिडकी उघडा. थंडी आहे. झालं हवामान."

राणीसरकार म्हणजे मी. राजाची बायको म्हणून. नवरा गेला तरी राणीपण काही सुटत नाही.

१९ जानेवारी

डेनिसचा फोन. चॅनेल वगैरे आता म्हातारे लोक बघतात म्हणे. इंटरनेटवरून घ्यायचं सगळं. "हवं ते, हवं तेव्हा, आई!"

बरं म्हटलं.

२२ जानेवारी

न राहवून गॉर्डीला फोन केला. दुकानात लायलचा भागीदार. सहज विचारल्यासारखं विचारलं, आपली जाहिरात अजून लागते का रे?

तो म्हणाला, "अरे देवा. वर्ना! बंद करायची राहूनच गेली. माफ कर गं. आज सांगतो त्यांना."

"खबरदार!" म्हटलं. मी एवढ्या जोरात बोलले की मीच दचकले.

तो हळूच म्हणाला, एप्रिलअखेरपर्यंतचा करार आहे. तोवर हातही लावत नाही. तुला डिस्क करून देऊ का? हवी तितक्या वेळा बघ.

नको म्हटलं. त्याला वाटलं मला बघवत नाही. तसं नाही रे बाबा. डिस्क म्हणजे मी बोलावणार आणि तो येणार. लायल असा कधी आलाय? दार आपटत यायचा, त्याच्या वेळेला, ओले बूट तसेच. मला त्याला लावायचं नाहीये. मला तो यायला हवाय.

२४ जानेवारी

काही नाही.

३१ जानेवारी

भांडी घासताना खिडकीतून खाडीपलीकडे बघत होते. डुलुथची टेकडी, तिच्यावर मनोरे, लाल दिवे उघडझाप. एवढी वर्षं बघतेय. आज डोक्यात आलं — अगं बाई, नऊ नंबर तिथूनच तर निघतो! नाकासमोर. मध्ये फक्त पाणी.

तळघरातून सशाचे कान काढले. म्हणजे जुन्या टीव्हीवरचा अँटेना, दोन दांड्यांचा. खिडकीत ठेवले, वायर जोडली. काळं. डावीकडे वळवले. काळं. खुर्चीवर चढून डोक्यावर धरले. काळं.

जुन्या टीव्हीवर निदान मुंग्या तरी यायच्या. लायल कान फिरवायचा, मी सोफ्यावरून ओरडायची — आला! गेला! हां, तस्साच उभा राहा, हलू नकोस! अख्खा सामना त्याने दांडी धरून ऐकलाय. मुंग्यांच्या आड का होईना, माणूस दिसायचा. या नव्याचं तसं नाही. एक तर लख्ख, नाहीतर काळं. 

माझंही तेच झालंय. मुंग्यासुद्धा नाहीत.

२ फेब्रुवारी

कान खिडकीत तसेच. काळं.

९ फेब्रुवारी

रविवार नसताना रॉजर आला. कान बघून पोट धरून हसला. "हे कुठल्या उत्खननात सापडलं?" मग म्हणाला, "वायर जोडलीस, पण टीव्हीला सांगितलंस का? आधी त्याला शोधायला लावायचं असतं." हे कुणी मला सांगितलंय! रिमोटवर काहीतरी दाबलं. टीव्ही शोधत बसला, आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. आणि नऊ!

देवा रे, काय ते चित्र! बातम्या देणाऱ्याच्या नाकावरचा मेकअप दिसला. टायवरचा डाग दिसला. रॉजरचं तोंड उघडं ते उघडंच. "हे माझ्या डिशपेक्षा चांगलं आहे गं. हवेतून? फुकट?" त्याला फार लागलं ते.

मला वाटलं, आता लायलही असाच दिसणार. लख्ख. हनुवटीवरचा वण, कानातले केस, सगळं. मांडीवर हात घट्ट धरून बसले.

आला. पडद्याच्या मधोमध एक चौकोन, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, आणि त्यात हा, धुरकट. जुनी जाहिरात, जुना कॅमेरा. जगातलं सगळं स्वच्छ दिसायला लागलं आणि हाच तेवढा धुक्यात राहिला.

"थांब, हे पट्टे घालवतो," म्हणून रॉजरने बटण दाबलं. चित्र दोन्हीकडून ताणलं. लायलचा भोपळा झाला! मुकुटाची परात, अंगठे बटाट्यांएवढे.

"सोड! सोड त्याला! होता तसा कर!"

मी उभी राहून किंचाळत होते. रॉजर माझ्याकडे बघत राहिला. मग टीव्हीकडे. मग त्याला हवामान कळलं.

बटण दाबून त्याने लायलला परत बारीक केलं. तोवर जाहिरात संपलीही होती. जायला निघाला होता, तो कोट काढून शेजारी बसला. "परत कधी लागते?" संध्याकाळच्या बातम्यांत, म्हटलं. मी बटाटे आणि मांस भाजलं, आम्ही पडद्यासमोरच बसून खाल्लं. लायल आला तेव्हा रॉजर चमचा खाली ठेवून म्हणाला, "काय तंगड्या आहेत साल्याच्या." आणि नाक पुसलं.

मी नाही रडले. मला तसं काही झालं नाही. पाय टेबलाला आपटला तेही नंतर निळं दिसलं तेव्हा कळलं.

३ मार्च

केबलवाल्यांचं जमलं. नऊ परत आलाय, एचडीच्या डब्यासकट. गोड पोरीचा फोन.

मी आपला डबाच परत केला. माझं येतंय हवेतून.

२८ मार्च

रॉजर कान छपरावरच्या जुन्या खांबाला बांधू म्हणाला. पडशील म्हटलं. बसलो मग. तो आता रविवारी काही ठोकत नाही. नुसता बसतो.

२१ एप्रिल

गॉर्डी घरी आला. टोपी हातात. मी ओळखलंच.

नऊवाले जुनी फीत पुढे लावणार नाहीत. सगळं एचडीच हवं त्यांना. करार नवा करायचा तर जाहिरातही नवी. "डुलुथच्या नाटकमंडळीतला एक जण बघितलाय. मुकुट तोच ठेवतो, वर्ना. वाक्यही तेच. तुझी हरकत असेल तर सगळंच बंद करतो."

करा म्हटलं. मला काय. कॉफी दिली, लिंबाची वडी दिली. गेल्यावर कप धुतला.

३० एप्रिल

दुपारी शेवटचा आला. रॉजर कामावरून सुट्टी काढून आला होता. पाय पडले गार, राजा आहे तयार. मग हवामान. उद्या निवळेल म्हणे.

संध्याकाळच्या बातम्या आम्ही लावल्या नाहीत.

१ मे

आज बघितलं. त्याच्या जागी ट्रॅक्टर.

५ मे

रॉजरने ओढून दुकानात नेलं. नव्या राजाची तालीम होती. देखणा पोरगा, दात एकसारखे. मुकुट घातला, गुंडाळीवर बसला — बुटांसकट! आणि म्हणतो, "पाय गार पडले? राजा तयार आहे!"

गॉर्डी मान डोलावतोय. मला गप्प बसायचं होतं. खरंच बसायचं होतं.

"तसं नाही ते," म्हटलं. "पाय पडले गार. पाय आधी, गार शेवटी. गारवर थांबायचं. लोकांनी आपापल्या घरात ओरडायला जागा ठेवायची. आणि बूट काढ आधी! गालिचा विकतोयस, घोडा नाही!"

पोराने पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. "काय फरक पडतो?" म्हणाला.

रॉजर मागून म्हणाला, "राणीसरकार, दाखवा बघू."

"वेडा आहेस का!" म्हटलं.

गॉर्डी माझ्याकडे बघत होता. टोपी पुन्हा हातात.

७ मे

झालं शूटिंग. मुकुट मला मोठा, आत लायलचा मोजा कोंबला. मोठे दिवे, थंडगार फरशी, आणि मी त्यावर अनवाणी. गुंडाळीवर बसायच्या आधी नुसती उभी राहिले जरा. "पाय पडले —" म्हटलं आणि थांबले. कॅमेऱ्यामागून रॉजर, गॉर्डी, तो पोरगासुद्धा, सगळे एकदम ओरडले, "गार!"

आणि आई गं — मुंग्या! टाचेपासून बोटांपर्यंत, दोन्ही पायांना! मी ओरडले, हसले, रडले, काय काय केलं. सगळं एचडीत आलंय.