आईला एवढ्यात सांगायचं नाही

३ फेब्रुवारी
ठरलं. जायचं. आयोवातल्या एकाच हॉस्पिटलात, एकाच मजल्यावर नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, पुरे. आज एजन्सीत नाव घातलं. तीन महिने एका गावात नोकरी, मग दुसऱ्या. एजन्सीची केटलिन म्हणाली, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला लोक हातोहात उचलतील.
आईला एवढ्यात सांगायचं नाही. माझ्यावाचून तिचं पान हलत नाही. धसका घेईल.

६ फेब्रुवारी
मन खात होतं म्हणून आईसाठी पॉट रोस्ट केलं. ती म्हणाली, मीठ कमी आहे. मग अर्धं डब्यात भरून डोलोरेसकडे, म्हणजे चर्चमधल्या मैत्रिणीकडे, घेऊन गेली. आईला घरात एकटेपणा खायला उठत असणार, बिचारी.

९ फेब्रुवारी
पहिला इंटरव्ह्यू, ॲरिझोना. गाडीत बसून फोनवर दिला. हेड नर्सने विचारलं, नवीन वॉर्डात पहिल्या दिवशी काय कराल? म्हटलं, आधी घरी फोन करून आईने गोळ्या घेतल्या का ते बघीन. मग अवघड प्रसंगाचं उदाहरण मागितलं. तेही आईचंच आठवलं.
छान झाला.

१० फेब्रुवारी
नकार. बाई म्हणाल्या म्हणे, माणूस चांगला आहे, पण त्याला पेशंट एकच दिसतो. केटलिनची सूचना: पुढच्या वेळी आईचं नाव काढू नका.
ॲरिझोनात तसंही ऊन फार.

१४ फेब्रुवारी
आईसाठी गळ्यात घालायचं बटण आणलं. पडली तर दाबायचं, मदत येते. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, तू कुठे चाललायस का, वेंडेल? मी म्हणालो, छे. साफ खोटं. घास उतरेना. जेवणानंतरचा गोड ॲपल पाय मात्र दोनदा घेतला, तिला संशय नको म्हणून.

१७ फेब्रुवारी
मोंटाना. व्हिडिओवर. इस्त्रीचा शर्ट, खोलीचं दार बंद, आईचा उल्लेख नाही. उलट मीच विचारलं, रात्रपाळीला एका नर्सकडे पेशंट किती? मध्येच आई दार उघडून आत. कोणाशी बोलतोयस? म्हटलं, विम्यावाल्यांशी. पडद्यावरच्या हेड नर्सने ते ऐकलं.
तरी संध्याकाळी केटलिनचा फोन: जागा तुमची. उद्यापर्यंत कळवा.

१८ फेब्रुवारी, सकाळ
खिडकीतून आई दिसली. बर्फावर घसरू नये म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकत होती. पाठमोरी, एवढीशी. केटलिनला सांगितलं, येत नाही, आईसाठी. ती म्हणाली, नक्की ना? लगेच दुसऱ्याला देते हं. म्हटलं, नक्की.
मन हलकं झालं. मोंटानापर्यंत बर्फातून गाडी चालवायची धास्ती होती, पण तो भाग गौण.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
आईला सगळं सांगितलं. एजन्सी, खोटेपणा, शेवटी माझा त्याग. वाटलं, रडेल.
ती म्हणाली, “आपल्या भिंती पातळ आहेत, वेंडेल, आणि तू फोनवर ओरडून बोलतोस. मला पहिल्यापासून माहीत होतं.”
“तुझी खोली मी डोलोरेसला देऊन बसलेय. शनिवारी येतेय ती.”
मी विचारलं, मग मी कुठे राहायचं?
“मला वाटलं, मोंटानात.” मग हळूच म्हणाली, “तुला कसं सांगू कळेना. रोज मन खात होतं. वाटायचं, पोराला वाटेल आई हाकलतेय.”

१९ फेब्रुवारी
केटलिनला तीन फोन. मोंटाना गेलं. दुसरं काही निघालं तर कळवते म्हणाली. आवाज थंड वाटला. कामात असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार
डोलोरेस आली. तिचं कपाट मीच वर चढवलं. ती आईला म्हणाली, मुलगा कामाचा आहे गं, अजून किती दिवस आहे? आईने ऐकू न आल्यासारखं केलं.
तळघरातल्या सोफ्यावर बसून लिहितोय. वर दोघी पत्ते खेळतायत. आई खदखदून हसतेय. तिला इतकं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.
मला वाईट वाटू नये म्हणून हसत असेल.