अक्काच्या विहिरीची पातळी

४ ऑक्टोबर
पोळ्याला तलावाच्या सांडव्यावरून पाणी जात होते. आज ते सांडव्याच्या बरेच खाली. नळांचा वापर व बाष्पीभवन धरूनही एवढी घट बसत नाही. गावाचे नळ या तलावातल्या जॅकवेलवर, उपशाच्या विहिरीवर. दुसरा स्रोत नाही. पाणीपुरवठा समितीचा अध्यक्ष मी. विचारणा मलाच होणार. पालमहून परतताना भिंतीच्या पायथ्याने चालत गेलो. कोठेही ओल नाही.

७ ऑक्टोबर
अक्काचा फोन. तिचे सासर तलावाच्या खालच्या अंगाला. दाजी गेल्यापासून शेती एकटी पाहते. विहीर कित्येक वर्षे कोरडी. म्हणाली, "बापू, इहिरीला पाणी आलंय रे. पाऊस उघडला तरी चढायलंय." गव्हाचे बी आणून ठेवले आहे. मी आनंद व्यक्त केला. फोन ठेवल्यावर मात्र…

१२ ऑक्टोबर
अभियंते येऊन पाहणी करून गेले. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढताना शेतात टाकायला प्रत्येक घराला सारख्या खेपा, असा ठराव होता. शेवटच्या वस्तीची पाळी आली तेव्हा गाळ संपला होता. "आमालाच कमी का?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून यंत्र तसेच खाली गेले. गाळाखालची चिकणमाती गेली, मुरूम उघडा पडला. पाणी त्या चिकणमातीने धरले होते. वाटणीत चूक नव्हती. आता पाणी भिंतीखालून पाझरते आहे. खालच्या विहिरींचे काय, असे अभियंत्यांनी विचारले. अक्काच्या विहिरीचे मी सांगितले.

१५ ऑक्टोबर
ग्रामसभा. तळे आटेपर्यंत थांबून मग दुरुस्ती करावी, असे काहींचे मत. सरपंच विमलबाई म्हणाल्या, "मग पौषात टँकरमागं घागरी घेऊन तुमी पळणार हाव का?" पानटपरीचा गंगाधर मागून बोलला, "सायेबाची भाऊबीज यंदा लय मोठी. अख्खं तळंच घातलंय ओवाळणीत." सगळे हसले, मीही हसलो. पाणी असतानाच उकरलेल्या कोपऱ्यात काळ्या मातीची पोती सोडण्याचे ठरले. ठरावाला सूचक म्हणून माझेच नाव घालण्यास सांगितले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
अक्काकडे. ओवाळून घेतल्यावर गळती बुजवण्याचे सांगणे योग्य वाटेना, म्हणून पाटावर बसण्यापूर्वीच सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. "मग पेरू का नगं, तेवढं सांग." पेरू नकोस, म्हणालो. तिने निरांजन पेटवले आणि ओवाळले. जेवताना भाची एकटीच बोलत होती.

२५ ऑक्टोबर
येलदरी धरणाकडचे मासेमार थर्माकोलचे तराफे घेऊन आले. दिवसभर पोती सोडली. पाणी गढूळ, खाली पोते नेमके कोठे बसले ते कोणालाच दिसत नाही. अभियंत्यांचा फोन: तलावावरून लगेच अंदाज येणार नाही, नळांचा उपसा चालू आहे. "तुमच्या बहिणीच्या विहिरीवर लक्ष ठेवा. ती उतरली की बुजलं समजा."

२८ ऑक्टोबर
रोज सकाळी अक्काला फोन. रोज एकच उत्तर, "हाय तेवढंच हाय." लगोलग विमलबाईंचा मला फोन. माझ्या दुकानात खत घ्यायला येणारेही आधी विचारतात, काय म्हणती बहीण? गावाने एका बाईची विहीर आटण्याची वाट पाहावी, आणि ती आटली का हे तिलाच विचारावे…

१ नोव्हेंबर
नळ आठवड्यातून एकदाच सोडण्याचा निर्णय. शेवटच्या वस्तीला पाणी पोहोचण्याआधीच दाब संपतो. सौ. म्हणते, फोन कशाला, प्रत्यक्ष विहिरीत डोकावून या. अक्का आजवर माझ्याशी खोटे बोललेली नाही; तिची तपासणी करायला जाणे मला जमणार नाही.

४ नोव्हेंबर
सकाळी फोन केला. गहू पेरला, असे तिने आपणहून सांगितले. नंतर पाण्याचे विचारले.

"बापू, तू रोज कशापायी इचारतोस ते कळतंय मला. उतरलं म्हणू का? म्हणते. तुझ्या गावाला बरं वाटंल."

तसे नाही, म्हणालो. तिने फोन बंद केला नाही, मीही केला नाही. पलीकडे तिच्या विहिरीवरची मोटार चालू होती. ती बंद पडते का, हे ऐकत मी फोन कानाला धरून बसलो होतो.