हिशोबात गहू नव्हता

१६ फेब्रुवारी, सोमवार

दोन्हीकडून होकार. एकाच दिवशी. सुरतचं खासगी हॉस्पिटल, अँब्युलन्सवर पॅरामेडिक, हातात एकोणीस हजार. सातपुड्यातल्या मोलगीची कंत्राटी जागा, काम तेच, चौदा हजार. चौदा मार्चपर्यंत कुठलं ते कळवायचं.

त्रेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. काहीतरी वाटायला हवं होतं. चहा उतू गेला. ओटा पुसला.

१८ फेब्रुवारी

जेवताना सांगितलं. जगनभाऊंनी मान वर केली नाही. धाकटे दीर, पण सुभाष गेल्यापासून घर आणि शेत तेच बघतात. बघतात चांगलं, खोटं कशाला लिहू. ताट बाजूला सारून मग म्हणाले, "वैनी, घरमा काय कमी शे? लोके काय म्हणतीन?"

कमी काहीच नाही, हे मी म्हटलंसुद्धा. मग कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. डिप्लोमा करताना त्यांना वाटायचं, बाईचा वेळ जातोय, जाऊ दे. नंदुरबारला जायचं, संध्याकाळी परत यायचं. पगार म्हटल्यावर गोष्ट वेगळी झाली.

जमीन एकत्र आहे. सुभाष गेले त्याला दोन वर्षं होतील. वाटणीचा शब्द कुणी काढलेला नाही. मीही नाही.

कलू इतका वेळ भाकरी कुस्करत होती. "आई, मंग मी कोठे ऱ्हासू?"
पुढच्या जूनला दहावी.

२१ फेब्रु., शनि.

सुरतला जाऊन आले. विसरवाडीला गाडी बदलली, पुढे ट्रकांच्या मागे मागे.

रेशमा माझ्याबरोबर डिप्लोमाला होती, धडगावकडची, वय बावीस. ती दिवाळीपासून तिथेच आहे. स्टँडवर घ्यायला आली. तिच्या खोलीत चार खाटा आणि सात बायका. सगळ्या हॉस्पिटलातल्या. दिवसपाळीवाली उठते, रात्रपाळीवाली तिच्याच खाटेवर झोपते. भाडं अर्ध्या खाटेचं. रेशमाच्या खाटेवरचा दुसरा अर्धा रिकामा आहे, तो माझा होऊ शकतो.

"दिदी, फक्त चादर आपली आपली," ती म्हणाली. "आणि सुट्टी एकाच दिवशी आली तर एकीनं पिक्चरला जायचं." ती हसली, मीही हसले.
टेकले. खाट गरम होती. नुकतंच कुणीतरी उठून गेलेलं.

तिथे कलूला आणता येणार नाही. महिन्यातून एकदा घरी येता येईल, फार तर दोनदा.

२३ फेब्रु.

हिशोब. सुरत: अर्धी खाट दोन हजार, मेस तीन, रिक्षा-बस हजार, येणं-जाणं, कलूचे क्लास आणि शाळा. सहा-सात हजार उरतात. मोलगी: खोली हजार-दीड हजार, भाजी, तेल, गॅस, जीपभाडं, कलूचं तेच. दोन हजार उरतात, जेमतेम.

जाऊ, संगीता, शेजारी तूर निवडत बसली होती. मी आकडे तोंडाने पुटपुटत होते, तिने सगळे ऐकले. सूप खाली ठेवलं.
"ताई, तुम्ही गहू धराच नही."

खरंच धरला नव्हता. गहू नाही, ज्वारी नाही, डाळ नाही. तिखट, शेंगदाणे, काहीच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात गहू विकत आणलेला मी पाहिलेला नाही, माहेरीही नाही. गव्हाला किंमत असते हे मला माहीत आहे. बाजार समितीतला भाव रोज कानावर पडतो. पण तो विकायचा भाव.

ती हसत होती, मग हसायची थांबली. तिलाही ते सुचलं असावं. परत सूप हातात घेतलं.

२४ फेब्रु.

जे सुचलं ते इथे लिहून ठेवते, बोलायचं नाही.
या घरातून नोकरीला बाहेर गेलेल्या पुरुषाला सालाचा दाणा जातो. चुलत दीर नाशिकला आहेत, दर मार्चला येतात, पोती घेऊन जातात. कुणी विचारत नाही, मोजत नाही. त्यांचा हिस्सा अजून या मातीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. सासरी गेलेल्या मुलींना एक पोतं जातं, ती माया.
नोकरीला गेलेल्या विधवेला काय जातं? आजपर्यंत कुणी गेलेलीच नाही.

मागितलं तर ती वाटणी मागितल्यासारखी होईल. न मागता आलं नाही, तर तेही उत्तरच. दरमहा हजार-बाराशेचा प्रश्न आहे. हजार-बाराशेचा नाही.

२६ फेब्रु.

मोलगी. बाजाराचा दिवस. अक्कलकुव्यापर्यंत बस, वर डोंगरात जीप, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. अँब्युलन्स चांगली आहे, टायर नवे. ड्रायव्हरने सांगितलं की पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. माणसं बांबूच्या झोळीत पेशंट रस्त्यापर्यंत आणतात, तिथून आपण. चोवीस तास काम, चोवीस तास सुट्टी. म्हणजे दर आठवड्याला घरी येता येईल. कलूला तिथून दहावी काढता येणार नाही, पण मला तिचं तोंड दिसत राहील. शाळेला सुट्टी लागली की तिला वर नेता येईल.

खोली पाहिली. मालकीण म्हातारी, मराठी थोडी, मला त्यांची भिली मुळीच नाही. भाड्याचं नंतर, नळाचं नंतर. आधी तिने कोपऱ्यातली दगडांवर उंच ठेवलेली फळी दाखवली आणि हाताने पोत्याचा आकार केला. तुझं धान्य इथे. ओल लागत नाही.
मी मान हलवली. तिला वाटलं पसंत आहे.

१ मार्च, रवि.

मोलगी परवडते, घरून दाणा आला तरच. सुरत कुणाच्याही दाण्यावाचून परवडते, पण तिथे कलू नाही.
दोन ओळींत मावतं. आठवडा लागला.

डिप्लोमाचे सर मला नेहमी म्हणायचे, मॅडम, तुमचा हात हलत नाही, हे शिकवून येत नाही. सिव्हिलमध्ये अपघाताचा मुलगा आला होता तेव्हा बाकीच्या बाहेर पळाल्या, मी पट्टी धरून उभी. सगळ्यांनी कौतुक केलं. मला एवढंच माहीत आहे की मळ्यात सुभाषच्या छातीवर मी असेच हात ठेवले होते, काय करायचं ते ठाऊक नसताना, आणि तेव्हापासून हे हात

राहू दे.

४ मार्च

काल होळी झाली. नारळ, साखरेचे हार-कंगण, पुरण. जगनभाऊ माझ्याशी नीट बोलतात, पण कुठल्या नोकरीचं काय ठरलं ते विचारत नाहीत. संगीताने पुरणपोळी वाढताना हळूच विचारलं, त्यांच्याशी बोलू का? नको म्हटलं. तिला त्यात ओढायचं नाही. उद्या वितुष्ट आलं तर तिला याच घरात राहायचं आहे. मलाही.

रेशमाचा फोन. खाटेला दुसरं गिऱ्हाईक आलं आहे, मी थोपवून धरलंय म्हणाली. "दिदी, तुमचं घर मोठं आहे म्हणून तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो." टोमणा नव्हता. होता थोडा.

८ मार्च, रवि.

हार्वेस्टर आला. दुपारपर्यंत उभा गहू संपला, शेतात नुसतं भुसकट. अंगणात ढीग. चुलत दीर नाशिकहून येऊन गेले, पोती गाडीत टाकली, जाताना मला म्हणाले, ऐकलं मी, चांगलं केलंस. जगनभाऊ तिथेच उभे होते. जमिनीकडे बघत.

आमच्याकडे पोत्यांवर लाल रंगाने नाव घालतात. गोदामात घोळ होऊ नये म्हणून. पूर्वी हे काम सुभाष करायचे. अक्षर चांगलं होतं.

१० मार्च

कलूने जेवताना काकालाच विचारलं, सरळ. आई वर गेली तर शनिवार-रविवार मला कोण नेईल? ते म्हणाले, मी नेसू. एवढंच. मोलगी, सुरत, काही नाव नाही. "वर" हा शब्द कलूचा होता, त्यांनी तो खोडला नाही, एवढं मी धरून बसले आहे.

एवढंसं धरून बसायची सवय कधी लागली?

१२ मार्च, गुरु.

सकाळी भांडी घासत होते. संगीताने खिडकीतून हाक मारली, ताई, बाहेर या जरा.

ओसरीत दोन पोती उभी. तोंडं उघडी. शेजारी तुरीची लहान गोणी, तिच्यावर शेंगदाण्याची पिशवी. जगनभाऊ उकिडवे बसून नाव घालत होते. रंग पातळ झाला होता, ओघळत होता. दोन्ही पोत्यांवर "सुभाष". अक्षर वाकडं, ष मोठा झालेला.

मी बघत राहिले. माझं नाव नाही. कलूचं नाही. पण पोती दोन आहेत. मुलीला देतात तसं एक नाही.

संगीता म्हणाली, "दादान्हं नाव?" त्यांनी ब्रश डब्यात टाकला. "मंग कोन्हं लिखू? त्यान्हाच हिस्सा शे."
यात मी कुठे आहे ते मी विचारू शकले असते. सुभाषचं नाव पुसलं गेलं नाही, याचं बरं वाटून घ्यायचं, की त्या नावाखाली मी पुढची वीस वर्षं दाणा न्यायचा? पुढच्या मार्चला पुन्हा असंच बघत राहायचं? विचारलं नाही. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. आणि काय लिहायचं हे बहुतेक त्यांनाही कालपर्यंत माहीत नव्हतं.

हात पुसत म्हणाले, "जीप कई सांगू?"
"शनिवारी," मी म्हटलं.
कुठे ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खाट दुसरीला दे म्हणून रेशमाला अजून फोन केलेला नाही.

दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसले. पहिलं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर असताना वाटलं, आता रडू येईल. थांबून वाट पाहिली. आलं नाही. सुतळी संपली होती, आणायला उठले.